नवी म्हणून विकलेली जुनी रॅम: स्टुडिओसाठी पीसी घेणाऱ्यांनो, सांभाळा

घरच्या स्टुडिओसाठी पीसी असेंबल करून घेणार असाल आणि ऑर्केस्ट्राच्या मोठ्या सॅम्पल लायब्रऱ्या (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचे संग्रह) वापरत असाल, तर हे जरूर वाचा. माझ्याकडून ६४ जीबी नव्या रॅमचे पैसे घेतले आणि मशीनमध्ये निम्मी रॅम जुनी घातली. त्यातली एक स्टिक तर सदोष होती.

मागणी स्पष्ट होती: डीडीआर ४ प्रकारची रॅम, वेग ३२००, एकाच किटमधल्या ३२ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे पुढे वाढवायला दोन स्लॉट मोकळे राहतील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून मशीन आलं तेव्हा आत १६ च्या चार होत्या. ‘बत्तीसची जोडी स्टॉकमध्ये नव्हती, साहेब. काम सेमच होतं,’ असं दुकानदाराने सांगितलं. चारही स्टिकवर सारखेच चकचकीत हीट स्प्रेडर (उष्णता पसरवणारं धातूचं कवच), सारखीच लेबलं. टास्क मॅनेजरमध्ये ६४ जीबी दिसत होती.

छोट्या प्रोजेक्टमध्ये काहीच जाणवलं नाही. एका नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी स्ट्रिंग्ज, ब्रास, कोरस असं सगळं एकत्र लोड केलं, तेव्हा व्हायोलिनच्या एका स्वराच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज यायला लागला. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, बफर (आवाज वाजण्याआधी साठवायची जागा) १०२४ पर्यंत नेला. आवाज तिथेच. प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडला, तर व्हायोलिन स्वच्छ आणि ‘टक्’ चेलोमध्ये!

खरी खूण हीच होती. प्रोसेसर कमी पडला की येणारी खरखर कुठेही, कशीही येते आणि बफर वाढवला की बहुधा कमी होते. सॅम्पलर, म्हणजे हे स्वर वाजवणारं सॉफ्टवेअर, मात्र प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतो आणि उरलेला डिस्कवरून वाचतो. रॅमचा एखादा कप्पा खराब असेल, तर त्यात जो स्वर जाऊन बसेल तोच दर वेळी बिघडतो. पुन्हा लोड केलं की त्या जागी दुसरा स्वर येतो. आपल्या साध्या बोर्डांवर ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी) नसते, त्यामुळे उलटलेला बिट कुणी पकडतही नाही.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. एकेक स्टिक वेगळी लावल्यावर चोर सापडला. मग सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये (इथे स्टिकच्या चिपमधली नोंद दिसते) चारही स्लॉट पाहिले. दोन स्टिक २०२१ च्या, दोन २०१७ च्या. जुन्या दोन्हींचा निर्माता लेबलवरच्या कंपनीपेक्षा वेगळा आणि वेग २४००. इथे एक लक्षात घ्या: चांगल्या रॅमचाही मूळ वेग एसपीडीत कमी दिसू शकतो, कारण ३२०० हा वेग बऱ्याचदा एक्सएमपी प्रोफाइलमध्ये, म्हणजे जास्त वेगासाठीच्या वेगळ्या सेटिंगमध्ये, असतो. या दोन स्टिकमध्ये ते प्रोफाइलच नव्हतं. कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेल्या रॅमवर नवं पत्र्याचं कवच चिकटवलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

दुकानदाराने आधी ‘विंडोज चालू होतंय ना?’ म्हणून उडवून लावलं. बिलावर फक्त ‘रॅम ६४ जीबी’ लिहिलेलं. ना कंपनी, ना सीरियल नंबर. याच जोरावर तो वॉरंटी नाकारत होता. त्याच रस्त्यावर प्रत्येक स्टिकचा नंबर बिलावर लिहून देणारी दुकानंही आहेत, म्हणून याचा जास्त संताप येतो.

तेव्हा रॅम सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढायला लावा. सीरियल नंबर जीएसटी बिलावर घ्या आणि कंपनीच्या साइटवर तिथेच तपासा. दुकानातच सीपीयू-झेड उघडून प्रत्येक स्लॉटचा निर्माता, पार्ट नंबर आणि उत्पादनाचं वर्ष पाहा. सॅम्पलच्या कामाला वेगापेक्षा जीबी महत्त्वाच्या, त्यामुळे ‘जास्त फास्ट देतो’ म्हणून कमी जीबी गळ्यात मारू देऊ नका. घरी आल्यावर पहिलं काम मेमटेस्ट, लायब्रऱ्या नंतर.

मेमटेस्टचे आणि सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने सदोष स्टिक परत घेतली. दुसऱ्या जुन्या स्टिकचे पैसे अजून दिलेले नाहीत. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. कागद तयार आहेत आणि मी जाणार आहे.