०.४५ सांगून गळ्यात मारलेली ०.४०

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला जाणारी आपली मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तरी दरवर्षी एखादा नवखा ‘ठासणीची बंदूक कुठली घेऊ’ म्हणून विचारतोच. त्याच्यासाठी हे लिहितोय. माझे साडेसहाशे डॉलर गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण त्या बंदुकीने मी रानात काय करून बसलो असतो, या विचाराने अजून झोप उडते.

इथे ख्रिसमसनंतर फ्लिंटलॉकचा वेगळा हंगाम असतो. त्यात चकमकीने पेटणारी ठासणीचीच बंदूक चालते आणि नळीचा आतला व्यास, म्हणजे कॅलिबर, किमान ०.४४ इंच लागतो. माझी जुनी ०.५० ची. गेल्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा धक्का सोसेना, म्हणून ०.४५ शोधायला लागलो. तो विचार चुकीचा नव्हता, असं मी आजही म्हणेन. ०.५० ची शिशाची गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, ०.४५ ची साधारण सव्वाआठ. बंदुकीची दारू कमी लागते, खांदा वाचतो, आणि पन्नासेक यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असताना नेम फुफ्फुसावर धरला, तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती पुरते. ०.४० ची गोळी मात्र जेमतेम सहा ग्रॅमची.

विकणारा गृहस्थ लँकेस्टर काउंटीतला. अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, तो हा भाग. तशाच घाटाची हाताने बनवलेली बंदूक त्याने माझ्या हातात दिली. माझ्या आजोबांकडे कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. या बंदुकीच्या कानाशी, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकाशी, जळलेल्या रंजकाचा (पेटवणीच्या बारीक दारूचा) तोच वास आला आणि मी विरघळलो. नळीवर मापाचा शिक्का नव्हता. ‘हातच्या कामावर कुठला शिक्का?’ तो म्हणाला. तेही खोटं नाही, पुष्कळदा नसतो. मग त्याने माझ्यादेखत व्यास मोजायचा कॅलिपर लावला. काटा ०.४५ वर. वर पन्नास गोळ्यांची थैली फुकट दिली.

हंगामाच्या चार दिवस आधी रेंजवर गेलो. कागदावर गोळ्या छान बसत होत्या, धक्का तर जाणवतच नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी माझी गोळी चिमटीत धरली आणि म्हणाले, ‘ही लहान आहे.’ नळी रिकामी असल्याची खात्री करून, दारू न घालता, त्यांनी आपली ०.४४० ची, म्हणजे ०.४५ च्या नळीत जाणारी, गोळी माझ्या नळीत ठेवून पाहिली. अंगठ्याच्या पेराइतकी आत गेली आणि अडकली. स्क्रूने ती बाहेर काढावी लागली.

गोम नळीच्या तोंडाशी होती. गोळी भरायला सोपी जावी म्हणून काही जण तोंडाची कड आतून घासून फनेलसारखी रुंद करतात. ते काम रास्त आहे, पण इथे कड गरजेपेक्षा जास्त घासली होती आणि त्याने कॅलिपर नेमका तिथेच टेकवला होता. आतली खरी नळी १०.१६ मिलिमीटरची, म्हणजे ०.४०. ०.४५ ची हवी ११.४३. घरी येऊन थैलीतली गोळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सहा ग्रॅम. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

फोन केला तर म्हणाला, ‘तुम्ही बघून घेतलीत.’ पुढे नंबरच ब्लॉक. १९६८ च्या फेडरल कायद्यात काळ्या दारूच्या अशा बंदुका ‘अँटिक’ धरतात, त्यामुळे दुकानातल्या बंदुकीसारखे कागद मागे राहिले नाहीत. मीही रोख पैसे दिले होते आणि जाहिरात काढून टाकण्याआधी तिचा फोटो घेतला नव्हता. पोलिसांपुढे ठेवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

म्हणून विनवणी आहे, विकणाऱ्याच्या गोळ्या आणि विकणाऱ्याचं माप, दोन्ही घेऊ नका. आपली गोळी घेऊन जा. बंदूक रिकामी आहे याची आधी खात्री करा, कारण वर्षानुवर्षं भरलेल्या राहून गेलेल्या बंदुकाही विकायला येतात. माप तोंडाशी नाही, आत बोटभर खाली घ्या. गजाला (गोळी ठासायच्या काठीला) घट्ट चिंधी लावून तळापर्यंत फिरवा. गंजाचे खड्डे असतील तर चिंधी अडखळते. आणि कॅलिबर त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. तो कां-कूं करायला लागला तर तिथूनच परत फिरा.

तो हंगाम गेला. कमी पडणाऱ्या गोळीने हरीण जखमी होऊन झाडीत कुठेतरी दोन दिवस तडफडलं असतं, ते तेवढं टळलं. बंदूक मी विकलेली नाही. चापाच्या कडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून ठेवली आहे: ‘०.४०. फक्त निशाणेबाजीसाठी.’