रॉयल बॉबकॅट शोधताय? आधी पीएचएसचा कागद

रॉयल बॉबकॅट म्हणजे रॉयल या डीलरने इंजिनाची ताकद वाढवलेली पॉन्टिअॅक जीटीओ, ही जुनी अमेरिकन गाडी. १९६४-६५ च्या जीटीओचा चॅसी नंबर फक्त ‘ले मान्स’ हे मूळ मॉडेल सांगतो. जीटीओ तेव्हा ले मान्सवर जादा घ्यायचं पॅकेज होतं. म्हणून नकली गाड्या उदंड. पीएचएस (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) ही सेवा चॅसी नंबरावरून कारखान्याच्या मूळ बिलाची नोंद देते: पॅकेज, इंजिन, डीलर. पैसे वसूल!

पण बॉबकॅटचं काम कारखान्यात नव्हे, मिशिगनच्या रॉयल पॉन्टिअॅक डीलरकडे व्हायचं. इंजिनातले बदल असे: पातळ हेड गॅस्केट, मोठे कार्ब्युरेटर जेट, रॉकर आर्मचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) लॉकनट, बदललेला टायमिंग कर्व्ह (ठिणगी कधी पडते ते). यातलं काहीच बिलावर नसतं. शिवाय किट टपालानेही विकलं जाई! त्यामुळे लॉकनट दिसले तरी हुरळू नका. बिलावर रॉयलचं नाव हवं, जोडीला डीलरची जुनी पावती. नुसत्या ‘बॉबकॅट’ स्टिकरचे जादा पैसे? छे.