लाँगटेल मालवाहू सायकल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं घरगुती डब्यांचं काम आहे. सकाळी खंडेराव मार्केटची भाजी, मधूनमधून सिंगतेलाचा १५ किलोचा डबा, दुपारी मांजलपूरपर्यंत जेवणाचे डबे. स्कूटरवर पायाशी एक पोतं ठेवलं की जागा संपली, आणि रोजची रिक्षा परवडत नव्हती. म्हणून मालवाहू सायकली बघायला लागले.

तीनचाकी सायकलीत माल भरपूर मावतो, पण वळणावर ती झुकत नाही, आणि आमच्या बोळात उभी केली तर शेजाऱ्यांनी जायचं कुठून? पुढे पेटी असलेली ‘लाँग जॉन’ डेन्मार्कात १९२०च्या दशकापासून आहे. चालवायला मला तीच जास्त आवडली. वजन खाली आणि नजरेसमोर. पण लांबी अडीच मीटरच्या घरात, जिन्याखाली मावेना. शेवटी मागे लांब कॅरिअरवाली लाँगटेल घेतली. मागचं चाक मुद्दाम २० इंची. त्यामुळे माल खाली राहतो, आणि आखूड स्पोकचं चाक वजनाला जास्त टिकतं. २६ इंचीवर तेवढंच सामान चढवलं तर हँडल लटपटत होतं.

मोटर २५० वॅटची, वेग ताशी २५ किमीच्या आत, म्हणून लायसन्स-पासिंगची भानगड नाही. बडोदं सपाट, मोटर खरी लागते ती लालबागचा पूल चढताना. बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची. माल भरून तीसेक किलोमीटर जाते, मला पुरतं.

दुकानदार मोटरवर तासभर बोलतात, स्टँडवर कुणी चकार शब्द काढत नाही. खरं काम तिथेच आहे. बाजारात दर चार पावलांवर थांबायचं असतं. एका बाजूचा तेलाचा डबा उतरवला आणि दुसऱ्या बाजूला बटाटे तसेच असले, तर सायकल आडवी होता कामा नये. घेताना एकाच बाजूला वजन टांगून बघा. मूळचा दोन पायांचा स्टँड अरुंद होता, तो मी वेल्डिंगवाल्याकडून रुंद करून घेतला. तो म्हणाला, “बेन, हवे भेंस बांधो तोय नहीं पडे.” (आता म्हैस बांधलीत तरी पडणार नाही.) आणि स्टँड पायाने लागला पाहिजे, हात मोकळे नसतात.

पावसाळ्यात डिस्क ब्रेकचे पॅड चिखलानं लवकर झिजले. केबलऐवजी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक मिळत असेल तर पैसे तिथे घाला. चाकातली मोटर शिंतोडे सोसते, बुडणं नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं की मी लांबच्या रस्त्यानं जाते. मागचे स्पोक ढिले पडतात, ते नियमित ताणून घ्यावे लागतात. मेकॅनिकही शोधावा लागतो, नेहमीचे सायकलवाले मोटरला हात लावत नाहीत.

वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर घेऊच नका, रिकामीही उचलवत नाही. सासूबाई हल्ली मागे बसून मांडवीला येतात; त्यांच्यासाठी पाय ठेवायच्या पट्ट्या आणि धरायचा दांडा वेगळा बसवून घेतला.