'थंडीत असंच होतं सर' म्हणत ह्युमिडॉरमध्ये गंडवलं, कोल्हापूरकरांनो सावध

ह्युमिडॉर, म्हणजे सिगार वाळू नयेत म्हणून ठेवायची लाकडी पेटी, कोणी पावसाळ्यात विकायला आला तर घेऊ नका, सरळ सांगतो. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हवाच इतकी ओली असते की बिस्किटाच्या डब्यातपण सिगार मऊ राहतोय, पेटी चांगली का भंगार कळतच नाही. कळतं ते डिसेंबरात.

मला शाहूपुरीत एका हॉलवरच्या सेलमध्ये विकली. आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड, झाकणावर पितळी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं काट्याचं मीटर, सोबत टू-वे पाकिटं, म्हणजे ओल कमी झाली की सोडणार, जास्त झाली की ओढून घेणार. साडेआठ हजार. दाजी दुबईहून सिगार आणतात, ते चांगले राहावेत एवढंच डोक्यात.

पावसाळाभर काटा ७० टक्क्यांवर. दिवाळीनंतर दुपारचं कोरडं वारं सुटलं, ओठ फुटायला लागले तरी काटा ७० वरच, म्हटलं काय पेटी आहे! मग निपाणीचे मामा आले, निम्मं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, त्यांनी एक सिगार कानाजवळ धरून बोटात फिरवला तर कुरकुर आवाज. "अरं ह्यो वाळून गेलाय की, कसलं ७० घेऊन बसलायस?" बघतोय तर वरचं पान उभं तडकलेलं.

फोन केला तर स्टॉलवाला साखरेत घोळून, "सर थंडीत असंच होतं, विंटर किट टाका." आणखी १८०० रुपये. खरी मेख इथंच आहे बघा, थंडीत हवा कोरडी होते हे खोटं नाही, म्हणून माणूस गप पैसे देतो. पण हवा कोरडी असतानाच तर चांगल्या पेटीनं सिगार सांभाळायचे असतात ना!

किटमधलं 'स्पेशल सोल्युशन' ताटलीत ओतून उन्हात ठेवलं, संध्याकाळपर्यंत सगळं उडून खाली पांढरा थर. डिस्टिल्ड वॉटर असतं तर थर राहिला नसता, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे ह्युमिडॉरच्या पाण्यात मिसळतात ते सावकाश उडणारं रसायन, घातलेलं असतं तर असं पटकन उडालं नसतं. साधं नळाचं पाणी हो! ते वापरलं की क्षार साठतात, वर बुरशीची भीती.

मग मीटर खरं का खोटं बघायला मिठाची टेस्ट केली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे थेंब, ओल्या वाळूसारखं भिजलं पाहिजे, विरघळायला नको, ते आणि मीटर झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ह्याचं ७०. चार-पाचचा फरक साध्या मीटरमध्ये असू शकतो म्हणून गच्चीवर भर दुपारी ठेवला, तरी ७०. मागचं झाकण उचकटलं तर आत स्प्रिंगच नाही, काटा डिंकानं चिकटवलेला! मित्राचा डिजिटल मीटर आधी मिठावर तपासला, ७५ ला बरोबर, आणि मग पेटीत ठेवला तर ४८. सिगारला ६५ ते ७० लागतं.

गल्लीतल्या सुतारानं बिजागरीचा स्क्रू काढून भोकात खिळा फिरवला तर पिठासारखा भुसा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यावर पॉलिश. खरं सीडर आतून कच्चंच ठेवतात, ते ओल पितं आणि सोडतं, वासही छान येतो, ह्याला फक्त पॉलिशचा. पैसे देण्याआधी आतल्या लाकडावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, तसाच गोळा होऊन बसला तर पॉलिश आहे, उठून चालू लागा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर आधी "लाकूड सेट व्हायला वेळ लागतो सर", मग नंबर ब्लॉक. दाजींचे सिगार आता रबर लावलेल्या एअरटाइट प्लास्टिकच्या डब्यात आहेत, आत ६९ टक्के ओल धरणारी चांगली टू-वे पाकिटं, अजिबात तक्रार नाही.

तो गडी आता दुसऱ्या नावानं ऑनलाइन विकतोय. पेटी तीच आहे, ओळखायला सोप्पं, प्रत्येक फोटोत काटा ७० वर, अगदी झाकण सताड उघडं असतं त्या फोटोतसुद्धा.