ऑनिंगच्या कापडाला दाद, मेखांना दंडवत

मे महिन्यात नंदगडजवळ पाहुण्यांच्या शेतात वळवाच्या वाऱ्याने आमचं ऑनिंग, म्हणजे गाडीच्या अंगाला उघडायचं कापडी छत, उलटं करून गाडीच्या टपावर फेकलं आणि पुढच्या दांड्याचा सांधा तुटला. तेव्हापासून विकणाऱ्या कंपनीशी माझा जो पत्रव्यवहार चाललाय तो बघून बायको म्हणते, सीमाप्रश्न आधी सुटेल. वॉरंटीचं सांगतोच, पण आधी मेखांचं.

माप-वजन वेबसाइटवर आहे, ते इथे उगाळत नाही. अडीच बाय दोन मीटर, २८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅम) पॉलिकॉटन, सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्रण, बोलेरोच्या कॅरिअरला डाव्या अंगाला बसवलेलं. १८ हजार मोजले. आणि एवढे पैसे घेऊन पेटीत मेखा काय दिल्या, तर तारेच्या, वरचं टोक वाकवून आकडा केलेल्या. बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या लेथवाल्याने त्या हातात घेऊन विचारलं, "हे काय ओ, उदबत्तीच्या काड्या आणलाय?"

मऊ हिरवळीत ह्या तारा चालत असतील. पण युरोपातले कॅराव्हॅनवाले, म्हणजे गाडीमागे फिरतं घर ओढणारे, तेसुद्धा उन्हाळ्यात स्पेन किंवा दक्षिण फ्रान्सकडे निघाले की कडक जमिनीच्या जाड मेखा वेगळ्या घेऊन जातात, कारण तिकडची जमीन उन्हाने भाजून निघालेली असते. म्हणजे धंद्यातल्या लोकांना हे माहीत आहे. तरी पेटीत तारच.

आपल्या जिल्ह्यात तर जमीन दर तासाला बदलते. खानापूरकडे जांभा. तिथे हातोडीचा दुसरा घाव बसला की तार वाकते, आणि वाकलेली तार सरळ केली की पुढच्या वेळी आणखी लवकर वाकते. अथणी-चिकोडीकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, मेख भेगेत सुळकन जाते आणि तशीच सुळकन वर येते. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला माळावर गाडी लावली होती, तिथे तणावे शेवटी शेजारच्या बैलगाडीच्या चाकाला बांधले. गाडीवाले मामा चांगले होते, पण त्यांना संध्याकाळी निघायचं होतं! आणि जिल्ह्याबाहेर कारवारच्या वाळूत तर कुठलीच मेख धरत नाही. तिथे रिकाम्या सिमेंटच्या पिशवीत वाळू भरायची, तिला तणावा बांधायचा आणि पिशवी हातभर खोल पुरायची. फुकटात होतं आणि हलत नाही.

जांभ्यासाठी आणि काळ्या मातीसाठी मी उद्यमबागेत मेखा करून घेतल्या. १२ मिलिमीटरची प्लेन सळी घ्या. पिळाची नको, तिचे कंगोरे जांभ्यात असे रुततात की निघताना घाम काढतात. लांबी ४५ सेंटिमीटर, एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला नट वेल्ड करून घ्यायचा, म्हणजे काढताना त्यात दुसरी मेख घालून पिळता येतं. सेंट्रिंगवाल्यांचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो निघतात. १२ मिलिमीटरला मीटरमागे ८८९ ग्रॅम. आठ मेखांना ३.६ मीटर सळी, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. मला सळी भंगारात मिळाली, वेल्डिंगचे पैसे लेथवाल्याने घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा पाजावा लागला. ठोकताना मेखेचं डोकं गाडीपासून लांब झुकलेलं हवं आणि तणावा मेखेशी साधारण काटकोनात यायला हवा. नटांना लाल रंग द्या, पोरं अडखळतात.

कुणी म्हणेल, आठ मेखांचं एवढं काय? हिशोब करा. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे साधारण १२ किलो पडतो. कापड ५ चौरस मीटर. म्हणजे वारा खालून शिरला की ६० किलोची ओढ, आणि वळवाच्या आधीचा झोत याहून जोरात असू शकतो. नंदगडला ह्या नव्या मेखा अजून झालेल्या नव्हत्या. तारा जांभ्यात अर्ध्याच गेल्या होत्या, त्या एकामागून एक उपटल्या.

आता वॉरंटी. मी फोटो पाठवले. उत्तर आलं की वाऱ्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, मेखा तुमच्या, त्या जमिनीत जात नाहीत, मग वाऱ्याला कशाला नावं ठेवता? त्यावर पुस्तिकेतलं पान आलं: वारा सुटताच ऑनिंग गुंडाळावे. ज्याने वळीव बघितलाय त्याने सांगावं, धूळ उठल्यापासून गारा पडेपर्यंत जेवणाची ताटं गोळा करायची, पोरं गाडीत कोंबायची की ऑनिंग गुंडाळायचं? बरं, सांधा तरी विकत द्या म्हटलं, तर सुटा मिळत नाही, अख्खा दांडा घ्या, ३,२०० रुपये. सांधा तळहाताएवढा. शेवटी तोही उद्यमबागेतच ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून कातून घेतला, ६०० रुपयांत, आणि मूळच्यापेक्षा जाड. ह्या गावात पंप आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात, तिथे एका बिजागरीसाठी मी कुरिअरची वाट बघत बसू?

हे सगळं झाल्यावर कापडाबद्दल लिहायला हात वळत नाही, पण लिहायला हवं, कारण कापड खरोखर उत्तम आहे.

सुरुवातीला माझी तक्रार रंगाची होती. गडद मातकट रंग, हा तर ऊन पिणार. जोतिबाला चैत्रात नेलं तेव्हा दुपारी कापडाला खालून हात लावला तर तापलेलं. पण शेजारी मेव्हण्यांचं चंदेरी लेप दिलेलं पातळ पॉलिएस्टर होतं. त्याच्याखाली बसलं की डोळे दिपत होते, उजेड आरपार येत होता. आमच्याखाली दाट सावली. एप्रिलअखेर बदामीला गेलो, ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम, पारा चाळिशीला टेकलेला. तिथे युक्ती सापडली. तापलेलं कापड आपली उष्णता खाली फेकतं, म्हणून त्याच्याखाली वीतभर अंतर सोडून वडिलांची जुनी धोतरं बांधली. मधून वारा वाहतो, धोतर तापत नाही, आणि खाली जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी खाऊन माणसं चक्क झोपली. वाळवंटात वापरायच्या काही तंबूंना दुहेरी छप्पर असतं ते ह्यासाठीच. रंगाची तक्रार मागे घेतली.

पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाच्या वाटेला आपल्या उन्हात जाऊ नका. पाणी थेंबभर गळत नाही हे खरं, पण हवा अडकते आणि खाली भट्टी होते. पॉलिकॉटन थोडा श्वास घेतं. बजेट असेल तर ॲक्रिलिक बघा. त्यात रंग धागा काढण्याआधीच मिसळलेला असतो, म्हणून उन्हाने लवकर विटत नाही. माझं बजेट नव्हतं.

बाजूच्या भिंती विकत घ्यायची घाई नको. स्पेनच्या दक्षिणेला, म्हणजे ३७ अक्षांशाच्या आसपास, भर जूनमध्येही सूर्य डोक्यावर येत नाही, तिरपाच राहतो. त्यांना भिंती लागतात. बेळगाव-बदामीला मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो, सावली कापडाच्या बरोबर खाली पडते. अडचण होते तीन वाजल्यानंतर. त्यावर उपाय फुकट आहे: ऑनिंग डाव्या अंगाला असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेला करा. मग ऑनिंग पूर्वेला येतं आणि कलत्या उन्हाला गाडीच आडवी येते. डावा अंगच बरा, कारण रस्त्याकडेला थांबलं की माणसं रहदारीच्या उलट बाजूला उतरतात. युरोप खंडातल्या कॅराव्हॅनची दारं उजवीकडे असतात, ब्रिटनची आपल्यासारखी डावीकडे, तेव्हा मागवताना बाजू विचारून घ्या.

पावसात बाहेरचा एक दांडा मुद्दाम खाली ठेवा, म्हणजे पाणी उतरून जाईल. पोटात एक सेंटिमीटर पाणी साचलं तर चौरस मीटरला १० किलो होतात, आणि मग सांध्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

रविवार पेठेतली ताडपत्री आणि दोन बांबू ह्यात काम भागलं नसतं का, असं वडील अजून विचारतात. भागलं असतं, पण ताडपत्री बांधायला अर्धा तास जातो, हे पाच मिनिटांत उघडतं. घ्यायचं तर घ्या, पण पेटीतल्या मेखा दुकानदाराला तिथेच परत करा आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा. कमी करणार नाही, पण सांगा.

मिरगाच्या आधी मी ते कॅरिअरवरून उतरवलं. चार बोल्ट आहेत, दोघे लागतात. गुंडाळण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कारण पॉलिकॉटन जरा जरी दमट राहिलं तरी आमच्या पावसात बुरशी धरतं. माळ्यावर उंदीर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, कुरतडलेलं कापडही वॉरंटीत बसत नाही, हे मला न विचारता कळवण्यात आलंय.