म्हार्दोळचा दीपस्तंभ आणि मान कलणारी लेन्स

लेन्सबेबी कंपोझर प्रो ही कॅमेऱ्याची कलणारी लेन्स, त्यात स्वीट 50 हा काचेचा भाग बसवलेला. सहा महिने वापरतोय. बायको तिला ‘मान मोडकी’ म्हणते, कारण खांद्याच्या सांध्यासारखी ती हवी तिकडे कलते. कलवाल तिकडे स्पष्ट भाग सरकतो, बाकीचं सगळं ओढल्यासारखं धूसर.

गोव्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळासमोर उंच पितळी दीपस्तंभ आहे, 21 थरांचा. मधला एकच थर स्पष्ट ठेवला, वरचे-खालचे तुपासारखे वितळले. त्या एका फोटोत माझे पैसे वसूल! एफ 2.5 ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडलं की, स्पष्ट भाग एवढासा, नेम चुकतोच. छिद्र लहान करून एफ 5.6 ला जरा माणसात येते.

ऑटोफोकस नाही, ॲपर्चरही हातानेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अबोलीचे वळेसर विकणाऱ्या मावशीने शेवटी विचारलं, “जालें मरे, पुता?” मी अजून रिंगच फिरवत होतो. चाळीसांतले सात फोटो धड आले. दोष माझ्या घाईचा. आता मिररलेस कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस लावतो, तेव्हा बरं जमतं.

लग्नाच्या कामाला नेऊ नका. अंतरपाट तुमच्यासाठी थांबत नाही.