एमबीबीएस प्रवेश, फी माफी आणि शैक्षणिक कर्ज: बहिणीसाठी हे सगळं वर्षभर वापरल्यावरचा अनुभव (नागपूर)

बहिणीची 2025 ची नीट, मग कौन्सेलिंग, महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्ती-फी माफीचं पोर्टल), बँकेचं कर्ज, या सगळ्याचे लॉगिन आणि ओटीपी माझ्याच मोबाईलवर होते, म्हणून तिचं पहिलं वर्ष अर्ध्याच्या वर गेल्यावर आता निवांत लिहितोय. आम्ही नंदनवनकडे राहतो, बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, ओबीसी आहोत, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या बरंच खाली. तिला राज्य कोट्यातून विदर्भातल्याच एका सरकारी कॉलेजात सीट मिळाली, नागपूरच्या बाहेर. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण पुढे तिथल्या ऑफिसबद्दल थोडं बोलणार आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. मदत आहे, आणि चांगली भरपूर आहे, पण ती मागून येते आणि खर्च आधी करावा लागतो. ॲडमिशनच्या दिवशी हातात पैसे आणि कागद दोन्ही लागतात, शिष्यवृत्ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी येते. मधला हा काळ कसा काढायचा याचा विचार नीटच्या रिझल्टआधी ज्या घरात झालेला असतो त्यांचं निभतं, बाकीच्यांची फार ओढाताण होते, आणि ती मी रिपोर्टिंगच्या रांगेत डोळ्याने बघितली.

कागदांपासून सुरू करतो कारण सगळं तिथेच अडतं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन क्रिमी लेयर, मेडिकल फिटनेस, गॅप असेल तर ॲफिडेव्हिट. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका, कॉलेजच्या पत्रासकट, कारण समिती जुने पुरावे मागते आणि आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला गावाकडे जावं लागतं, आमचा काका उमरेडकडच्या गावी जाऊन आजोबांच्या शाळेचं रजिस्टर शोधून आला तेव्हा काम पुढे सरकलं. सरकार कधीकधी व्हॅलिडिटी जमा करायला मुदतवाढ देते पण त्या भरवशावर लेकराची सीट ठेवू नका.

नॉन क्रिमी लेयरचं मात्र नीट लक्ष देऊन वाचा. हे दोन वेगवेगळे कागद आहेत. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी महाराष्ट्राच्या फॉरमॅटमधलं लागतं, ज्यावर कुठल्या 31 मार्चपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. ऑल इंडियाच्या 15 टक्के कोट्यासाठी एमसीसीला, म्हणजे देशभराचं कौन्सेलिंग करणाऱ्या केंद्राच्या कमिटीला, केंद्राच्या फॉरमॅटमधलं ओबीसी एनसीएल (नॉन क्रिमी लेयरच) लागतं, आणि तेही त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेलं. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत असली पाहिजे, राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. सेतूमध्ये एक काका बसतात, त्यांनी आमचा जुना कागद उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "भाऊ, हे राज्यापुरतं आहे जी, दिल्लीवाल्या फॉर्मसाठी वेगळं काढा लागते, आत्ताच टाकून द्या, जूनमध्ये इथं उभं राहाले जागा नसते." अगदी तसंच झालं, 14 जूनला रिझल्ट आला आणि नंतरच्या सोमवारी गर्दी रस्त्यापर्यंत होती. ईडब्ल्यूएसवाल्यांचंही हेच आहे, राज्याचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं, केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये पाच एकर शेती, फ्लॅटचा आकार अशा अटी जास्तीच्या आहेत.

आता कौन्सेलिंग. नागपुरात घरोघरी दोन समजुती अजून पक्क्या आहेत. एक म्हणजे विदर्भाच्या पोरांना विदर्भातल्या कॉलेजात 70 टक्के जागा. तो 70:30 चा नियम 2020 मध्येच रद्द झाला, आता लातूर, पुणे, नांदेड सगळ्यांशी एकाच यादीत स्पर्धा आहे, म्हणून आतेभावाला पाच-सहा वर्षांआधी किती मार्कांवर मेडिकल मिळालं होतं याचा आज काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे मिहानमधलं एम्स नागपूरला आहे तर नागपूरच्या मुलांना काहीतरी कोटा असेलच. नाही. एम्सच्या सगळ्या जागा एमसीसीकडून देशभरासाठी भरतात. फी मात्र एवढी कमी आहे की रँक बसत असेल तर तिथे पैशाचा प्रश्नच उरत नाही.

नागपूरची दोन सरकारी कॉलेजेस, मेडिकल आणि मेयो, यांच्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमधून जातात. हिंगण्याचं एनकेपी साळवे खाजगी आहे पण तेही राज्याच्या कॅपमध्ये येतं. वानाडोंगरीचं दत्ता मेघे आणि सावंगीचं जवाहरलाल नेहरू ही अभिमत (डीम्ड) विद्यापीठाची कॉलेजेस आहेत, त्यांचं कौन्सेलिंग एमसीसी करते, आणि तिथल्या रजिस्ट्रेशनला दोन लाख डिपॉझिट आधी भरावं लागतं. हा फरक पैशाच्या दृष्टीने फार मोठा आहे, कारण सरकारची फी माफी अभिमत विद्यापीठाला लागू नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना हे सीट घेतल्यावर कळलं, पोरगी हुशार, पण घरावर केवढा बोजा आला बघा.

प्रेफरन्स भरताना आम्ही कोणाला पैसे दिले नाहीत. ओळखीतून एका खाजगी कौन्सेलिंगवाल्याकडे गेलो होतो, त्याने आधी पॅकेज सांगितलं, मग "सीट पक्की करून देतो" म्हणाला. सीट पक्की करून देणारा माणूस या सिस्टीममध्ये असूच शकत नाही, सगळं मेरिट नंबरवर चालतं. त्यापेक्षा सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक राउंडच्या सिलेक्शन लिस्टची पीडीएफ असते ती उघडा, कॉलेज, कॅटेगरी आणि स्टेट मेरिट नंबर बघत जा, मुलगी असेल तर 30 टक्के महिला आरक्षणाच्या सीट वेगळ्या दिसतात त्या बघा. दोन रात्री बसलो की कोणतं कॉलेज कुठे थांबतं ते लक्षात येतं. प्रेफरन्स खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावा, पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही. आणि स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला की तुम्ही त्या सीटवर फिक्स, वरचं कॉलेज मग मागता येत नाही, तेव्हा कॉलेजमधला माणूस "भरून टाका" म्हणाला म्हणून भरू नका, घरी विचार करून भरा. एमसीसीकडे पहिल्या राउंडमध्ये सीट सोडली तर डिपॉझिट जात नाही, नंतरच्या राउंडचे नियम कडक होत जातात.

सरकारी सीट घेताना बाँड असतो हेही घरात आधीच बोलून ठेवा, एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा नाहीतर 10 लाख दंड. मला व्यक्तिशः तो बाँड योग्यच वाटतो. सरकारच्या पैशाने शिकलेल्या डॉक्टरने एक वर्ष गडचिरोली-मेळघाटातल्या पीएचसीत काढावं, तिथे गरज आहे.

आता फी माफी, ज्यासाठी बरेच जण हे वाचत असतील. जुलै 2024 च्या जीआरनंतर ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखापर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सच्या शिकवणी शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे, आधी ती 50 टक्के होती. प्रवेश कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आमच्यासारख्या घरासाठी ही योजना म्हणजे खरोखर आधार आहे, बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कॅल्क्युलेटरवर साडेचार वर्षांचा हिशोब करत बसले होते. पण माफी फक्त या दोन शुल्कांची. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, विद्यापीठाची फी, लायब्ररी, पुस्तकं, ॲप्रन, डिसेक्शनचा किट हे सगळं तुमच्या खिशातून. योजनेत बसणाऱ्या मुलीकडून शिकवणी शुल्क आधी भरून घेऊ नये अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिलेल्या आहेत, तरी आमच्या कॉलेजच्या काउंटरवर पूर्ण रकमेचा डीडी मागितला. मी जीआरची प्रिंट सोबत नेली होती, ती दाखवली, आतल्या साहेबांपर्यंत गेलो, आवाज न चढवता बोललो, मग हमीपत्र लिहून घेतलं आणि बाकीच्या शुल्कावर प्रवेश झाला. रांगेत मागे गोंदियाकडचे एक वडील होते, त्यांच्याकडे प्रिंट नव्हती, माझीच झेरॉक्स दिली त्यांना. प्रिंट सोबत ठेवाच.

महाडीबीटीवर प्रोफाईल भरताना घाई नको. चालू कोर्सच्या पानावर प्रवेशाचा प्रकार कॅपच निवडा आणि कॅप आयडी मागतात तो अलॉटमेंट लेटर समोर ठेवून टाका. ओबीसी मुलीची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या यादीत असते, ईडब्ल्यूएसवाल्यांची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची वैद्यकीय शिक्षण विभागाखाली असते, चुकीच्या विभागाखाली शोधत बसाल तर दिसणारच नाही. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका, तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. आमचा अर्ज क्लार्कच्या टेबलवरच फार दिवस पडून होता, बहीण लेक्चर संपलं की ऑफिसात जायची, "दादा, उद्या ये म्हणाले" असा तिचा मेसेज यायचा. शेवटी तिच्या बॅचच्या सगळ्या मुलींनी मिळून एकत्र लेखी अर्ज दिला, त्या आठवड्यात सगळ्यांचे अर्ज पुढे सरकले. एकेकटं जाण्यापेक्षा हे चांगलं. कॉलेजच्या लोकांकडे कामही खूप असतं हे मान्य आहे, पण मुलींचं पूर्ण वर्ष त्या एका क्लिकवर अडकलेलं असतं हो.

पैसे येतात ते आधार सीडेड खात्यात. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बँकेत आधार लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआयला सीडिंग असणं, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून कुठल्या बँकेत जातील त्याची नोंद असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं, तुम्ही फॉर्ममध्ये कुठला खाते नंबर सांगितला याला अर्थ नाही. बहिणीच्या खात्याबद्दल बँकेतला माणूस "लिंक आहे" म्हणत होता, माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस उघडलं तर तिथे शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं दुसऱ्याच बँकेचं जुनं खातं दिसत होतं, जे वापर नसल्यामुळे बंद पडलेलं. नवीन बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दिला आणि स्टेटसमध्ये बँकेचं नाव बदलून पुढे ॲक्टिव्ह दिसल्यावरच अर्ज टाकला. पाच मिनिटांचं काम आहे, आजच बघून घ्या.

राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. एससीच्या मुलांसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, दोन्हीत नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला 60,000 पर्यंत, छोट्या ठिकाणी कमी, पण सरकारी वसतिगृहात जागा मिळाली असेल तर नाही आणि स्वतःच्याच शहरात शिकत असाल तरी नाही. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता आहे.

कर्जाचा अनुभव मिश्र. शिष्यवृत्ती येईपर्यंत हॉस्टेल-मेसचा खर्च निघावा म्हणून चार लाखाच्या आतलं शैक्षणिक कर्ज मागितलं. बँकांच्या मॉडेल योजनेत चार लाखापर्यंत तारण नाही, मार्जिन (खर्चातला आपला वाटा) नाही, साडेसात लाखापर्यंतही तारण मागायचं नसतं. तरी पहिल्या शाखेत घराचे पेपर मागितले, वर विमा पॉलिसी घ्या म्हणाले. बाबा तर घराची फाईल काढायला निघाले होते, मी थांबवलं. दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेलो, तिथल्या मॅडमनी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करायला लावला, आणि मग सगळं रीतसर झालं, कारण पोर्टलवरचा अर्ज नाकारायचा तर बँकेला कारण द्यावं लागतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, पण ती एनआयआरएफ या केंद्राच्या कॉलेज रँकिंगवर ठरलेल्या कॉलेजांच्या यादीपुरतीच आहे, केंद्राच्या संस्था म्हणून एम्स त्यात येतं. तुमचं कॉलेज आहे का ते आधी यादीत तपासा. साडेचार लाखाच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सला शिक्षण चालू असतानाचं पूर्ण व्याज केंद्र भरतं, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत जमा करावा लागतो, बँक आपणहून आठवण करत नाही. दुकानदार असाल तर उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल किंवा रिटर्न लागतो.

नीटची तयारी करणारे ओबीसी, व्हीजेएनटी (भटके विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) विद्यार्थी असतील तर नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती संस्था मोफत ऑनलाईन प्रशिक्षण, टॅब आणि डेटा देते, दहावीनंतर लगेच अर्ज निघतो. आम्हाला उशिरा कळलं, शेजारच्या मुलाने घेतला आणि तो खूश आहे.

सध्याची स्थिती अशी की महाडीबीटीचा पहिला हप्ता मंजूर दिसतोय, दुसरा बाकी आहे, कर्जाचा पहिला भाग हॉस्टेलला गेला. दुसऱ्या वर्षासाठी महाडीबीटीवर रिन्यूअल करावंच लागतं, ते आपोआप होत नाही. त्याला 1 एप्रिलनंतरचा नवीन उत्पन्नाचा दाखला, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, हजेरी आणि नॉन क्रिमी लेयरची मुदत संपत असेल तर तेही नवीन, असं लागणार आहे. बाबांच्या दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात टाकायचा आहे, तलाठ्याचा अहवाल आधी घेऊन ठेवला.